बेटावरची निवड

पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेत मला बोलवायची पद्धत पडली आहे. झेंडावंदन झालं की गुरुजी माइक हातात देतात आणि मी नदीतल्या बेटावरच्या गुरांची गोष्ट सांगतो. दोन देशांची गुरं पुरात एकमेकांत मिसळली आणि एकही गोळी न झाडता ती कशी वेगळी झाली, याची ती गोष्ट. पोरं हसतात, टाळ्या वाजवतात आणि मी खाली बसतो. गोष्ट मात्र तिथं संपत नाही. गुरांच्या पुढे एक माणूस आहे. त्याच्यापाशी आलो की मी पाण्याचा घोट घेतो आणि "जय हिंद" म्हणतो. हे असं कितीतरी वर्षं चाललं आहे.

यंदा या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले. म्हणाले, "शेजारी देश सुरक्षेसाठी एकमेकांशी जुळवून कसं घेतात, यावर तुम्हीच लिहा. टीव्हीवर सगळे बोलतात. तुम्ही ते करून आलात." मी हो म्हणालो आणि ते गेल्यावर धर्मापुरीला बालाजीला फोन लावला. बालाजी माझ्याबरोबर एकाच चौकीवर होता. आमच्या बीड जिल्ह्यातले तिथं आम्ही दोघंच.

"कोणतं लिव्हणार?" त्यानं विचारलं. "गुराचं का मानिकचं?"

"गुरांचं."

"मग मला फोन कावून केलास बे? ते तर गावातल्या कुत्र्यालाबी पाठ हाय."

फोन ठेवला. म्हणून आता दोन्ही लिहितो.

आमचं गाव तलवाड्याच्या अंगाला, गेवराई तालुक्यात. घर मेंढपाळांचं. वडील वर्षातले बरेच महिने मेंढरं घेऊन बाहेर असायचे आणि लहानपणी मीही त्यांच्यामागे हिंडलो. पाणवठ्यावर दोन कळप मिसळले की नवखी माणसं काठ्या उचलतात, मोजदाद करतात, तुझं-माझं करतात. आमच्यात तसं करायचं नाही. दोघा मेंढपाळांनी आधी बसायचं, तंबाखू मळायची, घरची चौकशी करायची. मग उठून दोघांनी दोन दिशांना चालायला लागायचं आणि आपापली हाळी द्यायची. प्रत्येकाची हाळी वेगळी असते. मेंढरं आपोआप आपल्या माणसामागे निघतात. याला आम्ही निवड म्हणतो.

यात एकच नियम. हात रिकामे पाहिजेत. हातात पाल्याची डहाळी किंवा मिठाचा खडा असेल तर ती निवड खोटी. "डहाळी दिसली की जनावर डहाळीकडं जातंय," वडील म्हणायचे, "मालकाकडं न्हाई. अन् मंग लोक म्हंत्यात, बघा, त्येचंच हुतं."

मी सीमेवरच्या दलात भरती झालो आणि माझी बरीचशी नोकरी पूर्वेच्या सीमेवर, बांगलादेशाला लागून गेली. तिथली सीमा म्हणजे आपल्याला वाटते तशी भिंत नव्हे. आमच्या भागात ती नदीतून जायची. नदी दर पावसाळ्यात कूस बदलते. एक काठ खाते आणि मधेच वाळूचं नवं बेट वर काढते. नकाशावरची रेघ तिथंच राहते, जमीन मात्र हलते. गवत चांगलं म्हणून दोन्हीकडचे गुराखी बेटावर येतात आणि मग भांडणं होतात. आधी शिव्या, मग दगड, मग कुठल्यातरी चौकीवरून गोळी. पहिली गोळी कुणी झाडली याचं उत्तर दोन्ही चौक्यांवर वेगवेगळं लिहिलं जायचं. मरायचा तो गुराखीच.

असं काही झालं की ध्वजबैठक होते. आपला एक जवान पांढरं निशाण घेऊन सीमेच्या खांबापर्यंत जातो आणि उभा राहतो. पलीकडचे बघतात, त्यांचाही माणूस निशाण घेऊन येतो, वेळ ठरते. मग रेघेवर टेबल मांडायचं. आमच्या खुर्च्या आमच्या देशात, त्यांच्या खुर्च्या त्यांच्या देशात आणि चहा दोन्ही देशांत. बोलावणाऱ्यानं चहा द्यायचा असा रिवाज. आमच्याकडून चहा बालाजीच करायचा आणि तो बीडच्या लग्नातल्यासारखा गोड असायचा. पलीकडचा एक अधिकारी एकदा म्हणाला, "हा चहा पिऊन रागावता येत नाही." तेव्हापासून बालाजी सगळ्यांना सांगत सुटला, "दोन देशांची दोस्ती माझ्या साखरेवर हाय. मला कुणी बोलायचं न्हाई."

बैठकीत मोठे विषय क्वचितच निघायचे. हरवलेली शेळी, वाहून आलेली होडी, दाट धुक्यात वाट चुकलेलं वऱ्हाड. ते वऱ्हाड बँडसकट आमच्या काठाला लागलं होतं आणि नवरदेव हात वर करून उतरला होता. तासाभरात बैठक घेऊन त्यांना परत पोचवलं. बँडवाल्यांना बालाजी म्हणाला, "जाता जाता एक वाजवा की, बे." त्यांनी वाजवलं. दोन्ही काठांवर संगिनी धरून उभे असलेले जवान हसत होते. देश एकमेकांशी जुळवून घेतात ते आधी अशा ठिकाणी. राजधानीत त्यावर सह्या नंतर होतात.

पलीकडच्या चौकीवर नायब सुभेदार कासिम होते. उंच, सावळे, सतत पान खाणारे. मी मोडकं बांगला बोलायचो आणि ते मोडकी हिंदी. इथं सगळं मराठीत लिहितो. माझी हिंदी ऐकून ते पहिल्याच भेटीत म्हणाले, "ही कुठली उर्दू शिकलात?" मी म्हणालो, "निजामाची. आमच्याकडं तो गेला पण बोली ठेवून गेला." त्यावर ते पान थुंकून मनापासून हसले. पुढे मला भाई म्हणू लागले.

गुरांचा प्रकार एका पुरानंतर झाला. पाणी ओसरलं तेव्हा दोन्ही काठांची गुरं बेटावर एकाच घोळक्यात उभी होती. दोन्हीकडचे मालक काठ्या घेऊन आलेले, त्यांच्यामागे आम्ही बंदुका घेऊन. आमच्या साहेबांना मी वडिलांची पद्धत सांगितली. ते म्हणाले, "इथं काय मेंढरांची जत्रा भरलीय का?" पण दुसरा उपाय त्यांच्याकडेही नव्हता. मी रेघेपर्यंत जाऊन कासिमभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "माझी आई संध्याकाळी तळ्याच्या काठी उभी राहून चोई चोई म्हणते. गावभरच्या बदकांतून आमचीच बदकं बाहेर येतात. करून बघू या."

मालकांना काठ्या टाकायला लावल्या, हात रिकामे करवले आणि दोन दिशांना उभं केलं. सगळे आपापल्या गाईंना नावानं हाका मारू लागले. एवढ्या हाका मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. घोळका हलला, सुटा झाला आणि दोन वाटांनी निघाला. एक गाय तेवढी मधेच बसली ती बसलीच. तिला दोन्ही देश सारखेच वाटले असावेत. अंधार पडायच्या आत बेट मोकळं झालं.

या एका दिवसानं जे झालं ते दहा बैठकांनी झालं नव्हतं. दोन्हीकडच्या वरिष्ठांपर्यंत बातमी गेली. एकाच वेळी दोन्ही चौक्यांनी आपापल्या बाजूनं समांतर गस्त घालायची, म्हणजे रेघेच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे ते, असं बोलणं सुरू झालं. दोन चौक्यांमध्ये थेट फोन असावा अशीही सूचना आली. ज्यांनी सीमा पाहिली नाही त्यांना यात काय मोठं असं वाटेल. मोठं हे, की समोर अंधारात हलतंय ते काय आहे हे विचारायला फोन असला की माणूस बंदुकीचा घोडा दाबत नाही.

शाळेत मी इथं थांबतो.

पुढच्याच पुरानंतर बेटावर म्हशींबरोबर एक माणूस सापडला. पंचविशीचा असेल. ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. त्याच्यावर दोघांनी हक्क सांगितला. पलीकडचा मंडल नावाचा म्हशीवाला म्हणाला, हा माझ्या मेलेल्या भावाचा मुलगा. आमच्या काठावरून एक बाई धावत आली. ती म्हणाली, हा माझा मानिक, आधीच्या एका पुरात वाहून गेलेला. तिकडं बाईला मुलाच्या नावानं ओळखतात. मुलगा नाहीसा झाल्यावरही लोक तिला मानिकची आईच म्हणत होते. तिचं खरं नाव मी कधी विचारलं नाही, आणि आज ते मला लिहिता येत नाही.

कागद दोघांकडेही नव्हते. बाईचं गाव नदीनं गिळलं होतं, शेजारीपाजारी दहा दिशांना पांगलेले. आणि नेमके दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे वरिष्ठ समांतर गस्तीचं पक्कं करायला यायचे होते. आमचे साहेब मला म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत हे मिटव. हे भांडण टेबलावर राहिलं तर उद्याचं सगळं फिसकटेल. तुझी ती पद्धत आहे ना? तीच लाव." सगळे माझ्याकडे बघत होते. मला बरं वाटलं. तेवढंच बरं वाटणं मला पुढं जन्मभर महागात पडलं.

मी मानिकला मधे उभं केलं, बाईला आपल्या अंगाला, मंडलला पलीकडच्या अंगाला. ऐकू येत नसल्यामुळे हाकेचा उपयोग नव्हता. बाई वाळूवर बसली आणि तळव्यानं जमिनीवर थाप मारू लागली. दोन थापा, थांबून एक. लहानपणी त्याला असंच बोलवायची, असं ती आधी सांगत होती. त्याच्या पायांना ती थाप कळली असावी. तो वळला. तिच्याकडे बघत राहिला आणि दोन-तीन पावलं पुढे आला.

मंडल हातात म्हशीचं दावं धरून उभा होता.

हे मला दिसत होतं. हात रिकामे पाहिजेत, हे त्या बेटावर सगळ्यांत जास्त मला माहीत होतं. बालाजी माझ्या कानाशी म्हणालाही, "म्हैस बाजूला कर की बे." मी त्याला म्हणालो, "होऊ दे. चालू झालंय." उशीर होत होता, साहेब घड्याळाकडे बघत होते. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, आई ती आई, म्हशीपुढं ती हरणार नाही.

म्हशीनं मान हलवली. मानिकनं तिकडं पाहिलं. बाईची थाप चालूच होती. तो चालत गेला आणि म्हशीच्या गळ्याला कपाळ लावून उभा राहिला. मंडलनं त्याच्या खांद्यावर हात टाकला तेव्हा त्याचं सगळं अंग आकसलं. मार खाल्लेलं जनावर आकसतं तसं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही साहेबांनी हात मिळवले. मी तोंड उघडून एवढंच म्हणायला पाहिजे होतं, की ही निवड खोटी आहे, म्हैस बाजूला घ्या आणि पुन्हा करा. मी म्हणालो नाही. बाई वाळूवर थापा मारत होती. बालाजीनं जाऊन तिचा हात धरला तेव्हा थापा थांबल्या.

दुसऱ्या दिवशी गस्तीचं ठरलं. मला प्रशस्तिपत्र मिळालं आणि पुढं बढतीही. रजेवर आलो तेव्हा तलवाड्याच्या बाजारात लोकांनी हार घातला. आई मला कपिलधारला दर्शनाला घेऊन गेली, देवापुढं उभं करून म्हणाली, "माज्या लेकानं दोन मुलखांत सलोखा केला." मी हात जोडून उभा होतो.

इथं एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, नाहीतर लिहिण्यात अर्थ नाही. जे ठरलं ते चांगलं होतं. समांतर गस्त सुरू झाल्यावर आमच्या पट्ट्यातली गोळी बंद झाल्यासारखीच झाली. चोरटा माल आणि माणसं नेणारे दलाल आधी एका चौकीची पाठ फिरली की दुसरीकडं निसटायचे, ते दोन्हीकडून अडू लागले. एकदा प्रवाशांनी भरलेली होडी उलटली तेव्हा दोन्हीकडचे जवान एकाच दोराला धरून पाण्यात उतरले. त्या होडीतली माणसं जगली. ती कुणामुळं जगली असं कुणी विचारलं तर त्यात माझाही वाटा निघेल. म्हणूनच मला कधी धड रडता आलं नाही आणि धड अभिमानही वाटला नाही.

मानिकची आई बाजाराच्या दिवशी चौकीच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. भांडायची नाही. विचारायची, "काही निरोप?" पहारेकरी नाही म्हणायचा. मग ती जायची. ती दिसली की मी आत काहीतरी काम काढायचो.

काही महिन्यांनी गस्तीत कासिमभाई माझ्या बरोबरीनं चालत होते, ते रेघेच्या त्या बाजूनं, मी या बाजूनं. हळू आवाजात म्हणाले, "भाई, तो मंडलचा पुतण्या नाही. मी त्याच्या घरी जाऊन आलो. मंडलला भाऊच नव्हता. पोरगा गोठ्यात झोपतो. पळून जाऊ नये म्हणून पायाला दोरी असते."

मी चालत राहिलो.

"मी बोललो तर आमचे लोक म्हणतील, हा तिकडचा झाला," ते म्हणाले. "निवड तुमची होती. तुम्ही बैठकीत म्हणा की ती चुकली. एवढंच म्हणा. पुढचं मी बघतो. माझे साहेब ऐकतील."

"पुढच्या बैठकीत म्हणतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की, कासिमभाई."

पुढची बैठक थेट फोनसाठी होती. निघताना आमचे साहेब म्हणाले, "आज आनंदाचा दिवस आहे. जुनं काही उकरू नका." त्यांना मानिक आठवतही नसावा. त्यांनी ते सहज म्हटलं असेल. मी मात्र त्याचाच आडोसा घेतला. टेबलावर सगळं बोलून झालं, चहा आला. कासिमभाई समोर बसून माझ्याकडे बघत होते. रागानं नव्हे. एखादा माणूस फलाटावर गाडीची वाट बघतो तसे. साहेबांनी विचारलं, "आणखी कुणाला काही?" मी कपात बघितलं. मान वर केली तेव्हा कासिमभाई दुसरीकडे बघत होते आणि बशीतला चहा निवत होता.

परतताना बालाजी म्हणाला, "त्यो माणूस तुझ्यासाठी थांबला व्हता."

"बोललो असतो तर सगळं मोडलं असतं."

"मोडलं असतं का न्हाई ते मोडल्यावर कळलं असतं. तू आदीच कावून ठरवलंस बे?"

त्यानंतर कासिम मला भाई म्हणाले नाहीत. साहेब म्हणू लागले. अदबीनं, हसून, काम असेल तेवढंच. वर्षाच्या आत त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी आमच्या चौकीला मिठाई पाठवली, माझ्या एकट्यासाठी निरोप नव्हता. मंडलही पुढं म्हशी घेऊन नदी सोडून आत कुठंतरी राहायला गेला असं कळलं. मानिक त्याच्याबरोबर गेला की नाही हे सांगणारं माणूस तिथं उरलं नाही.

दोन देश एकमेकांवर विश्वास ठेवायला लागतात तेव्हा काय होतं, असं मला लोक विचारतात. परवाच आमच्या पारावर एकानं विचारलं, "आबा, टीव्हीवर दोन्हीकडचे मोठे साहेब हात मिळवतेत, हे खरं असतंय का नाटक?" मी म्हणालो, खरं असतं. खरंच असतं. पण हात मिळवायची घाई असते तेव्हा टेबलावर जो बोलू शकत नाही त्याचा निवाडा आधी होतो, आणि तो पुन्हा उघडायला कुणाला वेळ नसतो. विश्वास चुकीवर उभा राहिला तर चूक झाकून ठेवायचं कामही दोघं मिळूनच करतात. माझ्या बाबतीत तर पलीकडचा माणूस झाकण उघडायला तयार होता. मीच ते धरून बसलो. आणि मी बोललो असतो, कासिमभाईंच्या शब्दाखातर दोन्ही साहेबांनी एकदा ऐकून घेतलं असतं, तर आमची दोस्ती मोडली नसती, उलट खरी झाली असती, असं आता वाटतं. तेव्हा वाटायला पाहिजे होतं.

माझी बदली झाली तेव्हा मी ठरवलं, जायच्या आधी बाईला भेटायचं. एका स्थानिक मास्तरांकडून बांगलात चार वाक्यं नीट करून घेतली. माझं बांगला मोडकं होतं आणि हे तरी मोडकं बोलायचं नव्हतं. मास्तरांनी विचारलं, कुणाला सांगायचंय? मी म्हणालो, एका ओळखीच्या बाईला.

ती घाटावर भेटली. टोपली घेऊन बसली होती. मी ट्रंक खाली ठेवली, टोपी काढली. तिनं मला ओळखलं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "घरी चाललास?"

"हो."

"आई आहे?"

"आहे."

"मग उशीर करू नकोस," ती म्हणाली. टोपलीतून तिनं मूठभर मुरमुरे काढले, माझ्याच रुमालात बांधले आणि माझ्या हातात ठेवले. "वाटेत खा. आणि पोचलास की तिला मोठ्यानं हाक मार. तिला कळू दे, तूच आलायस."

होडीवाला ओरडला. मी रुमाल घेऊन होडीत चढलो. चारही वाक्यं पाठ होती, मधल्या नदीत ती पुटपुटून पाहिली, एकही शब्द चुकला नाही. ती मराठीत अशी होती: आई, तो तुझ्याकडेच निघाला होता. मधे म्हैस होती, आणि ती मला दिसत होती. मी ती बाजूला करायला सांगितलं नाही. मला क्षमा कर.